आधी नाव खोडणाऱ्याची ओळख विचारा

आज 25 जानेवारी, राष्ट्रीय मतदार दिन. 1950 साली याच तारखेला निवडणूक आयोग स्थापन झाला आणि 2011 पासून हा दिवस देशभर पाळला जातो. बिदर, भालकी, औराद, आळंद, चिंचोळीच्या कचेऱ्यांत आज शपथ होईल, शाळांच्या प्रभातफेऱ्या निघतील, अठरा पूर्ण केलेल्या मुलामुलींच्या हातात नवी कोरी वोटर कार्डे पडतील. हे सगळे व्हायलाच हवे. पण आपल्या बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांना यंदाच्या मतदार दिनी आळंदबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आळंद तालुका कलबुर्गी जिल्ह्यात, पण लोकसभेला तो आणि चिंचोळी बिदर मतदारसंघात मोडतात. तेव्हा तिथे जे घडले ते दोन्ही जिल्ह्यांच्या दारातले आहे.

डिसेंबर 2022. कर्नाटक विधानसभेची निवडणूक पाच महिन्यांवर आली होती. आळंदच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्यांकडे ऑनलाइन अर्ज येऊ लागले. सगळे अर्ज नमुना 7 चे, म्हणजे अमुक माणसाचे नाव यादीतून काढा असे सांगणारे. एकूण 6,018. फेब्रुवारी 2023 मध्ये माजी आमदार बी. आर. पाटील यांनी याविरुद्ध तक्रार केली, पडताळणी झाली आणि त्यातले खरे निघाले फक्त 24. बाकीचे 5,994 अर्ज चुकीचे ठरवून फेटाळण्यात आले. 21 फेब्रुवारी 2023 रोजी आळंद पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला.

हा आकडा किती मोठा, ते 2018 च्या निकालाशेजारी ठेवला की कळते. त्या वर्षी आळंदची जागा पाटील यांच्या हातून 697 मतांनी गेली होती. 2023 मध्ये पाटील दहा हजारांवर मतांनी निवडून आले, त्यामुळे या अर्जांनी निकाल फिरवला असे कोणी म्हणणार नाही. पण सातशे मतांनी जिथे आमदार ठरतो तिथे सहा हजार नावांवर हात टाकणाऱ्याला आपण काय करतोय ते चांगले ठाऊक होते.

उघडकीला कसे आले ते मुद्दाम सांगितले पाहिजे. एका बूथच्या बीएलओला, म्हणजे बूथस्तरीय अधिकाऱ्याला, आपल्याच नात्यातल्या माणसाचे नाव काढण्याचा अर्ज दिसला. अर्जदार म्हणून नाव होते शेजाऱ्याचे. शेजाऱ्याला विचारले तर तो म्हणाला, मी असला अर्ज केलेलाच नाही. एवढ्या एका प्रश्नाने सगळे प्रकरण उलगडत गेले. ज्यांची नावे कापायची होती त्यांना खबर नव्हती आणि ज्यांच्या नावाने अर्ज केले होते त्यांनाही नव्हती. मोबाइल क्रमांक भलत्यांचेच होते. गावातला माणूस गावातल्या माणसाला ओळखत होता, म्हणून हा डाव फसला. यंत्राला तो पकडता आला नसता, कारण यंत्राच्या लेखी सगळे अर्ज रीतसर होते: अर्जदाराचे नाव होते, कार्डाचा क्रमांक होता, ओटीपी घालायला मोबाइलही होता.

निवडणूक आयोगाची बाजूही नीट ऐकायला हवी. आयोगाचे म्हणणे असे की कोणीही ऑनलाइन अर्ज केला म्हणून नाव आपोआप उडत नाही, संबंधित मतदाराला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय नाव काढता येत नाही, आणि आळंदमध्ये हा प्रयत्न फसला. हे खरे आहे. 1995 साली लालबाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की एकदा यादीत आलेले नाव माणसाला नोटीस दिल्याशिवाय आणि त्याचे ऐकून घेतल्याशिवाय काढता येणार नाही. कायदा भक्कम आहे. आमची तक्रार पुढच्या काळाची आहे. सप्टेंबर 2023 मध्ये आयोगाने तपासासाठी काही माहिती पोलिसांना दिली. त्यानंतर तपास करणाऱ्या सीआयडीची आयोगाकडे पत्रे जात राहिली आणि तपास रेंगाळत राहिला. 18 सप्टेंबर 2025 रोजी राहुल गांधी यांनी दिल्लीत पत्रकार परिषद घेऊन आळंदचे नाव देशभर नेले, तेव्हा कुठे राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. एका नावामागे ऐंशी रुपये या दराने हे अर्ज कलबुर्गीतून भरले गेले, असे त्या पथकाच्या हवाल्याने छापून आले. आता प्रकरण न्यायालयात आहे आणि दोषी कोण ते न्यायालयच ठरवील, म्हणून आम्ही इथे कोणा आरोपीचे नाव घेत नाही. पण गुन्हा नोंदल्यापासून इथवर यायला जवळजवळ तीन वर्षे लागली, आणि या अवधीत एक विधानसभेची व एक लोकसभेची निवडणूक होऊन गेली.

आणखी एक गोष्ट झाली, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. आळंदचा गवगवा झाल्यावर काही दिवसांतच आयोगाने आपल्या संकेतस्थळावर नवी अट घातली: ऑनलाइन अर्ज करणाऱ्याने आधारशी जोडलेल्या मोबाइलवरून ई-सही करून स्वतःची ओळख पटवली पाहिजे. म्हणजे तोवर दुसऱ्याचे नाव काढायला निघालेल्या माणसाला तू खरोखर कोण, असे कोणी धडपणे विचारतच नव्हते.

मतदार ओळखपत्राचा सगळा वाद जगभर मतदाराभोवती फिरतो, आणि तिथेच त्याची गफलत होते. ब्रिटनने 2022 च्या कायद्याने मतदान केंद्रावर छायाचित्राचे ओळखपत्र सक्तीचे केले. मे 2023 च्या स्थानिक निवडणुकांत ओळखपत्राअभावी परत पाठवलेले किमान चौदा हजार मतदार पुन्हा आलेच नाहीत, असा तिथल्या निवडणूक आयोगाचाच हिशेब आहे. अमेरिकेत इंडियानाचा ओळखपत्राचा कायदा 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला, तरी राज्याराज्यांत ते भांडण आजही चालू आहे. प्रश्न सगळीकडे तोच: केंद्राच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने आपण कोण ते कशाने सिद्ध करायचे?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी समजूतदार आहे. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांनी 1993 मध्ये छायाचित्राचे कार्ड आणले, पण ते हरवले म्हणून मत बुडत नाही. आधार, मनरेगाचे जॉब कार्ड, फोटो असलेले बँकेचे किंवा पोस्टाचे पासबुक, पेन्शनचा कागद, यांतले एखादे चालते. कार्डावरच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले असेल तरी माणूस ओळखता येत असेल तर मतदान करू द्यावे, अशा स्पष्ट सूचना आहेत. 1961 च्या निवडणूक संचालन नियमांत तर मतदारांची ओळख पटवायला गावातली जाणती माणसे मदतीला घेण्याची मुभा केंद्राध्यक्षाला दिली आहे. त्याच नियमांत आणखी एक तरतूद आहे. मतदान केंद्रात बसलेल्या उमेदवाराच्या एजंटाला समोरचा माणूस खरा मतदार नाही असा आक्षेप घ्यायचा असेल, तर प्रत्येक आक्षेपामागे आधी रोख दोन रुपये भरावे लागतात. आक्षेप खोडसाळ निघाला तर ते जप्त होतात. आज दोन रुपयांना कसलीच किंमत नाही. पण नियम करणाऱ्यांना एक गोष्ट कळली होती. दुसऱ्याच्या मताला हात लावायचा असेल तर लावणाऱ्याने आधी समोर यावे आणि काहीतरी पणाला लावावे. आळंदमध्ये ही रीत पूर्ण उलटी झाली. नाव खोडणारा घरबसल्या, दुसऱ्याच्या नावामागे लपून, फुकटात, उलट नावामागे पैसे कमवून बसला होता. आणि खोटे निवेदन केल्याबद्दल 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 31 मध्ये शिक्षा आहे जास्तीत जास्त एक वर्ष.

या मुलखाला मत उशिरा मिळाले, म्हणून ते इथे जास्त जपायला हवे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत इथे निजामाचे राज्य होते आणि प्रत्येक प्रौढाला मत ही गोष्ट आपल्या आजोबा-पणजोबांनी ऐकलेलीही नव्हती. चार वर्षांच्या आत, 1952 मध्ये, त्यांनी पहिले मत टाकले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ त्या निवडणुकीत गुलबर्ग्यातूनच, म्हणजे आजच्या कलबुर्गीतूनच, लोकसभेवर गेले. तेव्हाच्या बिदर जिल्ह्यात उदगीर, निलंगा, अहमदपूरही होते. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यपुनर्रचनेची रेघ ओढली गेली, ते तालुके आजच्या महाराष्ट्राकडे गेले, औराद, भालकी, बसवकल्याण आजच्या कर्नाटकाकडे राहिले. सोयरिकी मात्र रेघ पाहून थांबल्या नाहीत.

त्या पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना देशभरात सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावे गळाली. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच त्यांनी सांगितले, स्वतःचे नाव सांगितले नाही, आणि पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद यादीत ठेवायला नकार दिला. नाव सांगायचा संकोच आता उरला नाही. पण बाईचे नाव कागदावर अजूनही सगळ्यांत आधी अडचणीत येते, आणि सीमेवर तर दुहेरी. महाराष्ट्रातल्या देवणीची मुलगी कर्नाटकातल्या कमलनगरात दिली. अंतर म्हणाल तर सकाळी निघून दुपारच्या जेवणाला माहेरी पोचण्याइतके. तिचा शाळेचा दाखला मराठीत, वडिलांच्या नावाचा. आधार माहेरी काढलेले, मराठी आणि इंग्रजीतले. लग्नानंतर आडनाव बदलले, मधले नाव नवऱ्याचे आले, आणि कित्येक घरांत अजून पहिले नावही बदलतात. सासरच्या मतदार यादीत ती कन्नडमध्ये लिहिली जाते, कन्नड लिपीतून पुन्हा इंग्रजीत जाते. तिच्या नवऱ्याचे नाव ज्ञानेश्वर असेल तर उदगीरकडच्या इंग्रजीत ते डी या अक्षराने सुरू होईल आणि बिदरकडच्या इंग्रजीत जे किंवा जी या अक्षराने. गावात या बाईला ओळखत नाही असे एक घर नसते. पण चार कागद शेजारी ठेवून संगणकाला विचारा, तो चार वेगळ्या बायका दाखवील.

ही भीती आम्ही उगाच रंगवत नाही. पश्चिम बंगालमध्ये मतदार याद्यांच्या विशेष सखोल फेरतपासणीत नावांची स्पेलिंगे, आईबापांची नावे, वयातली अंतरे जुन्या यादीशी जुळत नाहीत म्हणून सव्वा कोटीच्या आसपास मतदार विसंगतीच्या यादीत गेले. सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी 2026 मध्ये सांगावे लागले की ही नावे ग्रामपंचायतीत आणि ब्लॉक कार्यालयात लावा. बिहारमध्ये ऑगस्ट 2025 मध्ये असेच झाले होते. कच्च्या यादीतून पासष्ट लाख नावे बाहेर राहिली आणि ती कोणाची, का वगळली, हे जाहीर करा असा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. आधार पुरावा म्हणून घ्या, हेही न्यायालयानेच सांगितले. आपल्या पलीकडच्या तेलंगणात तर 2018 च्या मतदानाच्या दिवशी हजारो लोक केंद्रावर जाऊन यादीत नाव नाही म्हणून परतले आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर माफी मागितली. माफी मागितली हे त्यांचे मोठेपण. त्या दिवशीचे मत मात्र परत मिळत नाही.

आयोगाने 24 जून 2025 ला ही फेरतपासणी साऱ्या देशासाठी जाहीर केली आहे. पहिला बिहार, दुसऱ्या टप्प्यात गोव्यासह बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेश. कर्नाटकाचे नाव त्यांत नव्हते, पण पाळी येणार हे उघड आहे. याद्या शुद्ध व्हायला आमचा विरोध नाही. मेलेल्यांची नावे वर्षानुवर्षे राहतात, एका घरात ऐकिवात नसलेली माणसे निघतात, हे प्रत्येक गावात माहीत आहे. सीमाभागाने तर स्वतःकडेही प्रामाणिकपणे पाहावे. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातली चौदा गावे महाराष्ट्र आणि तेलंगण दोन्हीकडे मतदान करतात. तिथल्या लोकांकडे दोन्ही राज्यांची वोटर कार्डे आहेत, दोन्हीकडची रेशन कार्डे आहेत. त्या गरीब माणसांना दोष देऊ नये, दोन सरकारांनी मिटवायचा वाद त्यांच्या अंगावर टाकला आहे. तरी एका माणसाचे नाव एकाच ठिकाणी आणि एकदाच हा नियम 1950 च्या कायद्याच्या कलम 17 आणि 18 मध्ये लिहिलेला आहे आणि आपल्याकडे माहेरचे नाव न कमी करता सासरी नवे नाव चढवले असेल तर ते नीट करून घेणे हे आपलेच काम आहे. जिवती ज्या राजुरा मतदारसंघात येते तिथे ऑक्टोबर 2024 मध्ये आळंदच्या उलट प्रकार उघडा पडला. सहा हजारांहून अधिक खोटी नावे घुसवण्याचे ऑनलाइन अर्ज पकडले गेले, गुन्हा नोंदला गेला. राजुराही एकेकाळचा निजामाचाच मुलूख. खोटे नाव घुसवणे आणि खरे नाव कापणे, दोन्हींतून खऱ्या मतदाराचेच मत लुटले जाते. आणि दोन्ही ठिकाणी गुन्हा करणारा मतदार नव्हताच.

मग शुद्धीकरणाचा भार कोणावर टाकायचा? चिंचोळी आणि आळंदच्या तांड्यांवर जाऊन पाहावे. लमाण्यांची ही वस्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे, पण महसुली दप्तरात ती कालपर्यंत नव्हती. घरांच्या हक्कपत्रांचे मोठे वाटप मळखेडला झाले ते 19 जानेवारी 2023 रोजी. ज्याच्या पायाखालच्या जागेचा कागद सरकारनेच आता दिला, त्याच्याकडे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या पत्त्याचा पुरावा सरकारने मागायचा कोणत्या तोंडाने? तांड्यावरची जवान माणसे दिवाळी झाली की मुंबई, पुणे, हैदराबाद गाठतात, कोणी बांधकामावर, कोणी ऊसतोडीवर. दाराला कुलूप, ओसरीवर म्हातारी आणि दोन नातवंडे. अशा घरावर बीएलओने तीन चकरा मारल्या आणि माणूस सापडला नाही असा शेरा लिहिला, तर नियमाप्रमाणे त्याचे चुकले नाही, आणि तरीही एका नागरिकाचे मत गेले. कायदा इथे मतदाराच्या बाजूने आहे. 1950 च्या कायद्याच्या कलम 20 मध्ये म्हटले आहे की माणूस काही काळासाठी बाहेर गेला म्हणून तो त्या गावचा रहिवासी नाही असे होत नाही. हे एक वाक्य प्रत्येक बीएलओच्या दप्तरात कन्नड आणि मराठीत चिकटवलेले असावे. बाहेर गेलेल्यांना तिथूनच मत देता यावे म्हणून आयोगाने जानेवारी 2023 मध्ये दूरस्थ मतदानाचे यंत्र दाखवायला पक्षांना बोलावले होते. पक्षांनी शंका काढल्या आणि विषय बाजूला पडला. शंका रास्त असतील, पण त्यांच्यापायी मुंबईच्या नाक्यावर उभा असलेला चिंचोळीचा मजूर दर निवडणुकीला मताला मुकतो, याचे उत्तर कोणत्याच पक्षाने दिलेले नाही.

आम्ही मागतो ते फार नाही आणि बहुतेक गोष्टींना नवा कायदाही लागणार नाही. 1960 च्या मतदार नोंदणी नियमांप्रमाणे नाव काढण्याच्या अर्जांची यादी नमुना 10 मध्ये करून नोंदणी अधिकाऱ्याच्या कचेरीत लावतात. ती कचेरी तालुक्याला, माणूस तांड्यावर. ही यादी त्या त्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली पाहिजे, अर्जदाराच्या नावासकट, आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचली गेली पाहिजे. बंगालसाठी न्यायालयाने जे सांगितले ते औराद आणि आळंदला न्यायालयात न जाता मिळावे. यादी कोणत्या भाषेत किंवा भाषांत छापायची हे ठरवण्याचा अधिकार त्याच नियमांनी आयोगाला दिला आहे. औराद, कमलनगर, भालकी, बसवकल्याणच्या ज्या गावांत निम्मे गाव मराठी वाचते तिथे मराठी प्रतही लावावी. कन्नडशी आमचे भांडण नाही, आपली मुले कन्नड शिकतात, शिकलीच पाहिजेत. आपले नाव बरोबर लिहिले आहे का एवढे पाहण्यापुरती ही मागणी आहे. घरोघरची तपासणी ऊसतोडीचा हंगाम आणि लगीनसराई सोडून ठेवावी. आणि एकाच मोबाइलवरून, एकाच नावाने नमुना 7 चे अर्ज लागोपाठ येऊ लागले तर बीएलओने त्या अर्जदाराला आधी समोर बसवावे, मतदाराच्या दारी नंतर जावे.

बीएलओ म्हणजे बहुतेक ठिकाणी अंगणवाडीच्या ताई किंवा प्राथमिक शाळेचे गुरुजी. रोजचे काम सांभाळून, तुटपुंज्या मानधनावर ते उन्हातान्हात फिरतात, आणि चूक झाली की निलंबनाची पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडते. आळंदची चोरी त्यांच्यापैकीच एकाने पकडली, याची आजच्या कार्यक्रमात कोणी जाहीर दखल घेतली तर फार बरे होईल.

एक काम निवडणूक कार्यालयाला उद्यापासून करता येण्यासारखे आहे. आळंदच्या त्या 5,994 अर्जांत ज्यांची नावे काढायला सांगितले होते त्या प्रत्येकाला आणि ज्यांच्या नावाने ते अर्ज खोटेपणाने भरले गेले त्या प्रत्येकाला एक पत्र जावे. पहिल्याला लिहावे, तुमच्या नावाविरुद्ध अमुक तारखेला अर्ज आला होता, तो खोटा निघाला, तुमचे नाव यादीत अमुक क्रमांकावर कायम आहे. दुसऱ्याला लिहावे, तुमचे नाव वापरून अर्ज केला गेला होता, तो तुम्ही केला नाही हे कार्यालयाने नोंदवून घेतले आहे. अधिकाऱ्याची सही, कार्यालयाचा शिक्का, एका बाजूला कन्नड, एका बाजूला मराठी किंवा उर्दू, ज्याला जी वाचता येते ती.